मतलेख, वाद-प्रतिवाद आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड: काही महिने रोज वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकू. आठवड्याला दोन-तीन लांब मतलेख मराठीत लिहायचे, त्यांवर आलेल्या आक्षेपांना सविस्तर उत्तरं द्यायची आणि हे सगळं संगणकावर करायचं, अशा माणसासाठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला बटणांचा प्रमाण आराखडा) हा आजही सगळ्यात भरवशाचा कीबोर्ड आहे. दिवसाला चार ओळी लिहिणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, त्याला फोन पुरतो. आणि इन्स्क्रिप्ट आहे तसाच वापरायचा ठरवलं तर विरामचिन्हांपाशी जीव मेटाकुटीला येतो. तो थोडा दुरुस्त करूनच वापरावा. ती दुरुस्ती खाली सांगितली आहे.

हा आराखडा काल-परवाचा नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाण म्हणून पुढे आणला आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो आला. विंडोज २००० पासून तो प्रत्येक विंडोजमध्ये आयता आहे. मॅक आणि लिनक्सवरही आहे. म्हणजे विकत काही घ्यायचं नाही, उतरवून घ्यायचं नाही, इंटरनेट लागत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन या वाटेने जाऊन मराठी भाषा जोडायची आणि तिच्या पर्यायांत कीबोर्डची यादी बघायची. ‘फोनेटिक’ असं लिहिलेला तो वेगळा, रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्याचा; २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या सुधारणेपासून तोही मिळतो. फोनेटिक नसलेला साधा मराठी कीबोर्ड म्हणजे इन्स्क्रिप्ट. इथे एक सापळा आहे. घाईत हिंदीचा इन्स्क्रिप्ट जोडला तरी ळ, ऱ सकट सगळी अक्षरं मिळतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण वर्डला तो मजकूर हिंदी वाटतो, पानभर लाल नागमोडी रेघा उमटतात, आणि भाषेनुसार रूप बदलणाऱ्या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे न येता हिंदी वळणाचे येतात.

आराखड्याची रचना एकदा समजली की पाठांतर निम्म्यावर येतं. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. डावीकडे साधं बटण दाबलं की काना-मात्रा आणि शिफ्टसह दाबलं की सुटा स्वर: इंग्रजी ‘ई’च्या बटणावर ा आणि आ, ‘आर’वर ी आणि ई, ‘एफ’वर ि आणि इ. उजवीकडे शिफ्टने महाप्राण: ‘के’वर क-ख, ‘एल’वर त-थ, ‘एच’वर प-फ. कठोर व्यंजनं मधल्या ओळीत आहेत आणि त्याच वर्गातली मृदू व्यंजनं त्यांच्या लगेच वर: क वर ग, त वर द, प वर ब, च वर ज, ट वर ड. वर्णमाला ज्याने शाळेत म्हटली आहे त्याला ही मांडणी परकी वाटत नाही. अपवाद खालच्या ओळीत. म, ण, न, व ही अक्षरं व्यंजनं असूनही डाव्या हाताच्या बोटांखाली येतात (‘सी’, शिफ्ट-‘सी’, ‘व्ही’, ‘बी’), आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त चुका याच चौघांच्या होतात. ल ‘एन’वर, ळ त्याच्याच शिफ्टवर. स ‘एम’वर, श त्याच्या शिफ्टवर, ष शेजारच्या स्वल्पविरामाच्या शिफ्टवर. य मात्र पार उजवीकडे, तिरक्या रेघेच्या बटणावर.

हलन्त ‘डी’वर आहे आणि सगळी जोडाक्षरं त्यातूनच होतात. नियम एकच: ज्या क्रमाने उच्चार, त्याच क्रमाने बटणं. ‘विद्यार्थी’साठी व, ि, द, ्, य, ा, र, ्, थ, ी. रफार डोक्यावर दिसत असला तरी र आधी. ‘प्रश्न’मधला र पायाशी दिसत असला तरी प नंतर. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी दिसते, पण दाबायची अक्षरानंतर. टंकलेखन यंत्रावर किंवा रेमिंग्टन आराखड्यावर हात बसलेल्यांना हेच जड जातं, कारण तिथे वेलांटी आधी आणि रफार शेवटी मारायची सवय असते. अशांनी दोन्ही आराखडे एकाच काळात वापरू नयेत. हात गोंधळतो आणि दोन्हीकडचा वेग मंदावतो.

शिकताना मधल्या ओळीपासून सुरुवात करावी. तिथे डावीकडे ो, े, ्, ि, ु आणि उजवीकडे प, र, क, त, च, ट एवढंच आहे, तरी पुष्कळ शब्द बनतात: पोर, टोचते, पुरते, चिरे, तुरुतुरु, चक्र, पत्रे. ‘तर्क’ मधल्या ओळीतून बोट न हलवता लिहिता येतो, आणि ‘तर्कट’सुद्धा, मतलेखकाची सोय आराखडा करणाऱ्यांनी बरोबर ओळखली होती म्हणायचं. त्यानंतर वरची ओळ घ्यावी, कारण काना आणि दीर्घ वेलांटी तिथे आहेत. खालची ओळ शेवटी. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत बटणांकडे न बघता लिहिता येतं. वेग त्यानंतर येतो. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीची अट मिनिटाला ३० शब्दांची आहे. विचार करत लिहिणाऱ्याला तेवढा वेग पुरून उरतो. त्यापुढे डोकं मागे पडतं, बोटं नाही.

बटणांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर घेऊ नयेत. ते असले की नजर खाली जाते आणि महिनोन् महिने खालीच राहते. त्याऐवजी आराखड्याचा छापील कागद पडद्याच्या खालच्या कडेला लावावा. नजर वरच राहते, आणि कागद काढायची वेळ आपोआप कळते.

आता खरी चव. मराठीत काही अक्षरं अशी आहेत की अंदाजाने चालणारी साधनं तिथे हमखास घसरतात. आचार्यांना वाढायचं की आचाऱ्यांना, हा फरक फक्त र आणि ऱ चा. इन्स्क्रिप्टमध्ये र ‘जे’वर, ऱ शिफ्ट-‘जे’वर. पहिल्यापुढे हलन्त आणि य दिला की रफार येतो, दुसऱ्यापुढे दिला की तो आडवा, पापणीसारखा र. शेतीवर लिहिणाऱ्याला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द एका लेखात पंचवीस वेळा लागतो: श, े, त, क, ऱ, ्, य, ा, ं, न, ा. अकरा बटणं, त्यांतल्या दोनांना शिफ्ट. ‘करणाऱ्या’, ‘बोलणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांचीही तीच तऱ्हा. एकदा हात बसला की हा र कधीच चुकत नाही, कारण तो निवडायला कोणतंही यंत्र मधे नसतं.

रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवणाऱ्या साधनांशी तुलना करायची तर बटणांची संख्या जवळपास सारखीच भरते. फरक खात्रीचा आहे. तिथे n लिहिल्यावर न येईल की ण, l वर ल की ळ, हे शब्दकोश ठरवतो किंवा मोठ्या-लहान अक्षरांचे नियम पाठ करावे लागतात. ‘व्हतं’, ‘लई’, ‘आमास्नी’ असे बोलीतले शब्द, गावांची आणि माणसांची नावं, जुन्या अवतरणातलं ‘जाहलें’ अशा ठिकाणी शब्दकोश आपलंच घोडं दामटतो. वादात समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करायचं असतं. तिथे परस्पर ‘सुधारलेला’ शब्द गेला की नवाच वाद उभा राहतो. याची दुसरी बाजूही आहे. ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला माहीत नसेल तर इन्स्क्रिप्ट ते झाकत नाही. ‘दुसरीकडे’ की ‘दूसरीकडे’, ते तुम्हीच ठरवायचं. शुद्धलेखन कच्चं असलेल्याला फोनेटिकचा शब्दकोश मदत करतो, हे मान्य करायला हवं.

तक्रारींकडे येऊ. पहिली उजव्या करंगळीची. च, ट, ज, ड, य आणि ॉ ही सगळी एकट्या करंगळीच्या वाट्याला आली आहेत. शिफ्ट धरून छ, ठ, झ, ढ, ञ वेगळेच. मराठीत षष्ठीचा प्रत्यय च चा, त्यामुळे वाक्यागणिक चा-ची-चे येतं. ‘च्या’ लिहून बघा: च उजव्या करंगळीने, हलन्त डाव्या मधल्या बोटाने, य पुन्हा त्याच करंगळीने, काना पुन्हा त्याच मधल्या बोटाने. हात आलटून-पालटून चालतात हे खरं, पण प्रत्येक हातावर एकच बोट राबतं. ‘त्यांच्या’, ‘ज्यांच्या’, ‘आपल्या राज्याच्या’ अशा वाक्यांनी दोन तासांत करंगळीचं मूळ दुखायला लागतं. उपाय तीन. मनगट हवेत ठेवून पूर्ण हात थोडा उजवीकडे सरकवायचा, करंगळी ताणायची नाही. वरच्या ओळीतला ज आणि ड अनामिकेने मारायची सवय लावायची. टंकलेखनाचे मास्तर रागावतील, पण बोट वाचतं. आणि कीबोर्ड हलक्या दाबाचा घ्यायचा. लॅपटॉपच्या उथळ बटणांवर शिफ्टची अक्षरं जास्त चुकतात, म्हणून लांब लेखनाला बाहेरून जोडलेला पूर्ण आकाराचा कीबोर्ड बरा.

शिफ्टचा भारही कमी नाही. ‘आणि’ या तीन बटणांच्या शब्दात आ आणि ण दोन्ही शिफ्टवर, तेही दोन्ही डाव्या हाताचे, म्हणून उजवी शिफ्ट दोनदा. ‘आहे’ला एकदा. ‘नाही’ मात्र एकाही शिफ्टशिवाय उतरतो. नकार देणं सोपं!

दुसरी तक्रार फार मोठी आहे: विरामचिन्हं. अक्षरांना जागा करून देताना मूळ आराखड्यात अवतरणचिन्हाच्या बटणावर ट-ठ बसले, अर्धविराम आणि अपूर्णविरामाच्या जागी च-छ, तिरक्या रेघेवर य, प्रश्नचिन्हाच्या जागी मराठीत कधीच न लागणारा नुक्त्याचा य़, उद्गारचिन्हाच्या जागी ऍ, बरोबरच्या चिन्हावर ृ, अधिकच्या चिन्हावर ऋ. वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टने टक्क्याच्या जागी ज्ञ, त्यापुढे त्र, क्ष, श्र. ही तयार जोडाक्षरं सोयीची आहेत, पण टक्का गेला. शिफ्टसह पूर्णविराम दाबला की दंड येतो, जो मराठी गद्यात वापरत नाहीत. नेमकं कोणतं चिन्ह कोणत्या प्रणालीने परत दिलं आहे यात थोडाफार फरक पडतो, पण अवतरणं आणि अपूर्णविराम जवळपास सगळीकडे गायब. कथा लिहिणाऱ्याचं एक वेळ भागेल. प्रश्न विचारणं आणि दुसऱ्याचं म्हणणं अवतरणात देणं हाच ज्याचा धंदा, त्याने काय करायचं? दर चिन्हासाठी इंग्रजीवर जाऊन परत यायचं. विंडोजवर विंडोज-स्पेस, चिन्ह, पुन्हा विंडोज-स्पेस. एका अवतरणासाठी हे दोनदा.

यातून एक वाईट खोड लागते. अपूर्णविराम सापडत नाही म्हणून लोक विसर्ग ठोकतात: ‘ते म्हणालेः’. डोळ्याला साधारण सारखं दिसतं, पण विसर्ग हे अक्षराला चिकटणारं चिन्ह आहे. शब्द शोधताना, ओळ तुटताना, शुद्धलेखन तपासताना ते शब्दाचाच भाग धरलं जातं. संपादकाकडे गेलेल्या लेखात अशी पन्नास ठिकाणं असली की तो पुढचा लेख उघडतानाच वैतागलेला असतो.

दुरुस्ती अशी. मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर, आवृत्ती १.४, फुकट मिळतं. त्यात फाइल मेन्यूतून आधीचा मराठी कीबोर्ड उघडायचा, उजव्या ऑल्टचा थर निवडायचा आणि हरवलेली चिन्हं त्यांच्या मूळ जागीच त्या थरात भरायची. म्हणजे उजवा ऑल्ट धरून तिरक्या रेघेचं बटण दाबलं की प्रश्नचिन्ह, उजवा ऑल्ट आणि ट चं बटण म्हणजे अवतरण, च चं बटण म्हणजे अपूर्णविराम, १ वर उद्गारचिन्ह, ५ वर टक्का. एखाद्या जागी आधीपासून काही असेल तर शेजारची जागा घ्यावी. अवतरणं वळणदार हवी असतील तर उघडणारं आणि मिटणारं वेगवेगळ्या बटणांवर ठेवावं. लांब लेखात सरळ अवतरणं ओबडधोबड दिसतात. मग प्रकल्पाच्या गुणधर्मांत नवं नाव द्यायचं (आठ अक्षरांच्या आत, नाहीतर तयार होत नाही), इन्स्टॉलर बनवायचा, चालवायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा. दोन अडचणी येतात. डॉटनेट ३.५ ही मायक्रोसॉफ्टची जुनी पूरक प्रणाली लागते, ती विंडोजच्या ऐच्छिक घटकांतून चालू करावी लागते. आणि उजवा ऑल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल-ऑल्ट, त्यामुळे वर्डचे काही शॉर्टकट मधे येतात. ते वर्डमध्येच काढून टाकावे. कार्यालयाच्या संगणकावर प्रशासकाची परवानगी नसेल तर हा मार्ग बंद. मॅकवर हेच काम युकेलेले नावाचं साधन करतं.

हे करताना त्याच थरात आणखी दोन गोष्टी घालाव्यात. एक, न दिसणारा तोडक, ज्याने हलन्त उघडा राहतो: ‘वाक्‌प्रचार’मध्ये क् आणि प्र चिकटायला नको असतील तर हलन्तानंतर तो लागतो, त्याचा युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतला) क्रमांक २००सी. दुसरं अक्षर ॲ.

या ॲ चं प्रकरण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. ‘ॲप’ हा शब्द तीन तऱ्हांनी साठवला जातो. अ वर चंद्र देऊन दोन तुकड्यांत, हिंदीकडच्या ऍ ने, आणि खास मराठीसाठी असलेल्या एकसंध ॲ ने. हा तिसरा युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या मजकुरात तो सापडणारच नाही. पडद्यावर पहिला आणि तिसरा बऱ्याचदा सारखेच दिसतात. पण संगणकासाठी ते वेगळे शब्द. स्वतःच्या जुन्या लेखांतून ‘ॲट्रॉसिटी’ शोधायला गेलात आणि निम्मेच लेख सापडले, तर कारण बहुधा हेच. युनिकोडची शिफारस एकसंध रूपाची आहे. बदललेल्या कीबोर्डवर तो अ च्या बटणावर उजव्या ऑल्टने बसवावा, आणि वर्ड किंवा लिब्रेऑफिसच्या आपोआप दुरुस्तीत नेहमीचे पाच-पंधरा शब्द घालून ठेवावेत. जुन्या सगळ्या मजकुरावर एकदा शोधा-बदला चालवलं की कटकट मिटते.

खोडण्याची पद्धतही अंगवळणी पडावी लागते. बॅकस्पेस एकेक घटक खोडतो: ‘र्थी’वर एकदा दाबलं की फक्त वेलांटी जाते. डिलीट मात्र बहुतेक ठिकाणी पूर्ण जोडाक्षर उडवतो. कर्सर जोडाक्षराच्या मधे जात नाही. म्हणून जोडाक्षराचं पहिलं अक्षर चुकलं असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता अख्खं अक्षर खोडून पुन्हा लिहिणं लवकर होतं.

बोलून लिहिण्याचं काय? गूगल डॉक्समध्ये मराठी चालतं आणि पहिल्या कच्च्या खर्ड्याला ते चांगलं आहे. पण विरामचिन्हांच्या तोंडी आज्ञा मराठीत चालत नाहीत, त्यामुळे परिच्छेदभर सलग शब्दांची माळ मिळते. ती तोडायला, जोडायला शेवटी कीबोर्ड हवाच. लांब लेखात बोलून खर्डा आणि इन्स्क्रिप्टवर दुरुस्ती ही जोडी जमते. वादाच्या उत्तरात नाही, तिथे प्रत्येक शब्द तोलून टाकायचा असतो.

बेळगाव, बडोदा किंवा गोव्यातल्या लिहिणाऱ्यांना एक वरकड फायदा आहे. क चं बटण कन्नडमध्येही ಕ चं आणि गुजरातीतही ક चंच. लिपी बदलली तरी बोटं तीच, त्यामुळे शेजारच्या भाषेतलं अवतरण देताना वेगळा आराखडा शिकावा लागत नाही. देवनागरी कोंकणीला तर काहीच बदलावं लागत नाही. परदेशातल्यांनाही त्रास नाही: जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, फ्रेंचवर ए आणि क्यूची, पण इन्स्क्रिप्ट बटणाची जागा बघतो, त्यावरचं अक्षर नाही.

सुरुवात करणाऱ्याने यादीत इंग्रजी कीबोर्ड पहिला ठेवावा. मराठी पहिला राहिला तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत उमटतो, ठिपक्यांमुळे कळत नाही, आणि माणूस पासवर्डच बदलत बसतो. प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड लक्षात ठेवण्याची सोय विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये आहे, ती चालू करावी: लेख मराठीत, शोध इंग्रजीत, मधे बटण दाबायला नको. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही मराठीतही तसेच चालतात.

लेख छापील अंकाला द्यायचा असेल तर आधी विचारून घ्यावं की त्यांच्याकडे युनिकोड चालतं का. इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडलेला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. जुन्या फाँटवर काम करणारे ऑपरेटर मजकूर रूपांतर करून घेतात, आणि त्या रूपांतरात ऱ्य, रफार आणि ॲ ही तीन ठिकाणं सगळ्यात आधी बिघडतात. प्रूफ आलं की वाचण्याआधी ‘शेतकऱ्यांना’, ‘कार्यकर्त्यांनी’ आणि ‘ॲप’ हे तीन शब्द शोधून बघावेत.